विद्यापीठाची जमीन आणि पर्यावरणाची ग्वाही

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



'विद्यापीठे आणि पर्यावरणरक्षण' हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला, तेव्हा काही साथींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, हे मी समजू शकतो. बेकारी, शेतमालाचे कोसळणारे भाव, सरकारी शाळांची दैना असे प्रश्न दाराशी उभे असता विद्यापीठाच्या आवारातील झाडांची काळजी वाहण्यास आपणांस सवड कोठून, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाण्याचा माझा विचार नाही. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्रातले मला फारसे कळत नाही. परंतु विद्यापीठाचे आवार म्हणजे सार्वजनिक जमीन, सार्वजनिक पाणी आणि त्यावर राबणारी माणसे, ही गोष्ट एकदा ध्यानी घेतली म्हणजे हा विषय आपल्या नेहमीच्या विषयांपासून फार दूरचा राहत नाही.

प्रथम ग्वाह्यांविषयी थोडे बोलतो. विद्यापीठांनी पर्यावरणाशी आपली बांधिलकी जाहीर करावयाची, ही प्रथा १९९० साली फ्रान्समधील तालुआर येथे भरलेल्या विद्यापीठप्रमुखांच्या बैठकीपासून रूढ झाली. तेथे दहा कलमांचे एक घोषणापत्र निघाले आणि पुढे जगातील शेकडो विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या. आपल्याकडे त्याआधीच, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आले होते. आपल्या चळवळीतील अनेक साथी तुरुंगात असताना झालेली ही दुरुस्ती. तिच्यातील पुष्कळसा भाग आणीबाणीनंतर काढून टाकावा लागला; तथापि ही कलमे टिकली, हे नमूद केले पाहिजे. शिक्षण आणि वने हे दोन्ही विषय राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत गेले तेही ह्याच दुरुस्तीने. १९९१ साली एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा विषय करण्याचा आदेश दिला, आणि त्याची अंमलबजावणी होऊन पदवीच्या वर्गांत तो प्रत्यक्ष शिकविला जाण्यास जवळजवळ बारा वर्षे लागली.

आता काळ मूल्यांकनाचा आहे. १९९४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, जिला आपण नॅक म्हणतो, तिने सात निकषांची जी चौकट बसविली, तिच्यात सातवा निकष 'संस्थात्मक मूल्ये व उत्तम प्रथा' असा होता आणि एक हजारांपैकी शंभर गुण त्याला होते. पर्यावरण ह्या शंभरातील एका भागात बसविलेले. एलईडी दिवे किती, गांडूळखताचे खड्डे किती, सौर पट्ट्या बसविल्या काय, प्लास्टिकबंदीचा फलक लावला काय, वाहनांना आवारात मज्जाव आहे काय, आणि बाहेरच्या संस्थेकडून हरित लेखापरीक्षण करून घेतले काय. २०१० पासून इंडोनेशिया विद्यापीठाची एक जागतिक हरित क्रमवारीही निघते आणि तिच्यात नाव झळकले की आपल्याकडे प्रवेशद्वारावर फलक लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली 'सतत' नावाची आणखी एक चौकट दिली.

ह्या सगळ्याची मी थट्टा करणार नाही. वीज वाचते, पाणी वाचते, हे चांगलेच आहे. परंतु हिशेबनीस ह्या नात्याने एक गोष्ट खटकते. परीक्षणाची फी ज्याचे परीक्षण करावयाचे तोच देतो, आणि अहवाल मूल्यांकनाची समिती येण्याच्या आधी तयार लागतो. अशा अहवालात प्रतिकूल शेरा मी तरी अद्याप वाचलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी पथकातील काही सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. ज्या व्यवस्थेत एका श्रेणीवर संस्थेचे अनुदान, प्रवेश आणि प्रतिष्ठा टांगलेली असते, तेथे ह्याचे आश्चर्य वाटावयास नको. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे सारे मोजमाप वीजबिलावर आणि कचरापेटीवर थांबते. आवाराची जमीन किती, तिच्यापैकी गेल्या वीस वर्षांत किती गेली, कोणाला गेली, कोणाच्या सहीने गेली, हा रकाना मला त्यात कोठे दिसला नाही.

हा रकाना नसल्यामुळे काय होते, ते हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. ते मी थोडे विस्ताराने सांगणार आहे, कारण वर्तमानपत्रांतून ते आपल्यापर्यंत हरणे, मोर आणि बुलडोझर एवढ्याच रूपात पोहोचले.

हे विद्यापीठ एका चळवळीतून जन्माला आले. १९६९ साली तेलंगणात आणि १९७२ साली आंध्रात ज्या उग्र चळवळी झाल्या, त्यांवर तोडगा म्हणून १९७३ च्या सप्टेंबरात सहा कलमी सूत्र ठरले. हैदराबादेस केंद्रीय विद्यापीठ स्थापावे, हे त्यातील एक कलम. त्यासाठी घटनेत ३७१-ई हा अनुच्छेद घालावा लागला, आणि १९७४ साली संसदेने कायदा केला. मागास राहिलेल्या प्रदेशाला उच्च शिक्षणाचा वाटा मिळावा, हे त्यामागचे राजकीय वचन होते. आरंभीचे वर्ग सरोजिनी नायडूंच्या 'गोल्डन थ्रेशोल्ड' ह्या शहरातील घरात भरत. मग शहराबाहेर, पश्चिमेस, गचीबावलीच्या खडकाळ माळावर सुमारे २,३०० एकर जमीन विद्यापीठाच्या ताब्यात देण्यात आली. त्या काळी तेथे मोठमोठ्या शिळा, खुरटी झुडपे आणि तळी ह्यांखेरीज काही नव्हते. जमीन दिली, पण ती विद्यापीठाच्या नावे रीतसर करून देण्याचे काम राहून गेले. कागद नाही, ताबा आहे, आणि दोन्ही बाजू सरकारीच, तेव्हा घाई कोणाला?

पंचवीस वर्षांनी चित्र पालटले. १९९८ साली शेजारी सायबर टॉवर्स उभे राहिले, हाय-टेक सिटी वाढू लागली, आणि ज्या माळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याला सोन्याचे मोल आले. येथे अर्थशास्त्रातील एक जुनी कल्पना आठवावी लागते: अनर्जित मूल्यवृद्धी. जमिनीच्या मालकाने बोटही न हलविता समाजाच्या श्रमाने तिची किंमत वाढते. रस्ते सार्वजनिक पैशाचे, वीज व पाणी सार्वजनिक पैशाचे, आणि त्या भागाला जी विद्येची प्रतिष्ठा आली तीत ह्या विद्यापीठाचाही वाटा. म्हणजे विद्यापीठाच्या असण्याने जमिनीला जी किंमत आली, ती किंमतच विद्यापीठाच्या जमिनीवर टपली.

२००३-०४ मध्ये तेलुगू देसमच्या शासनाने कंचा गचीबावली येथील ४०० एकर आयएमजी अकॅडमीज भारत ह्या खाजगी कंपनीस क्रीडासंकुलासाठी दिले. शासनाचे म्हणणे असे की, त्या बदल्यात विद्यापीठाला गोपनपल्ली येथे सुमारे ३९७ एकर देण्यात आले. २००६ साली काँग्रेसच्या शासनाने कंपनीचा करार रद्द केला. कंपनी न्यायालयात गेली, अठरा वर्षे दावा चालला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने शासनाच्या बाजूने निकाल दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. सार्वजनिक जमीन खाजगी घशातून बाहेर आली म्हणून आपण टाळ्या वाजवाव्यात, तोच राज्याच्या औद्योगिक महामंडळाने तीच जमीन माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना लिलावाने देण्याची तयारी चालविली. ह्या जमिनीच्या आधारावर सुमारे दहा हजार कोटी रुपये कर्जाऊ उभारण्यात आले होते, हेही नंतर बाहेर आले. जमीन सोडवून आणली ती गहाण टाकण्यासाठी! पक्ष बदलले, राज्य बदलले, आंध्रातून तेलंगण वेगळे झाले. ४०० एकरांकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली नाही.

२०२५ च्या ३० मार्चला, म्हणजे आपल्याकडे गुढ्या उभारल्या त्याच दिवशी, पोलिसांच्या बंदोबस्तात तेथे जेसीबी यंत्रे शिरली. सणांच्या सुट्ट्या लागून आलेल्या, न्यायालये बंद. विद्यार्थी आडवे झाले. पन्नासच्या आसपास विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. यंत्रे रात्रीही चालू होती. सीमांकनाची पाहणी झालेलीच नाही आणि सीमांकनास आपली संमतीही नाही, असे विद्यापीठाच्या कुलसचिवांनी त्यानंतर पत्रक काढून जाहीर केले. २ एप्रिलला उच्च न्यायालयाने काम थांबविण्यास सांगितले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले. न्यायालयाच्या सूचनेवरून जागेची पाहणी झाली तेव्हा शंभर एकरांच्या आसपास झाडोरा साफ झालेला आढळला. आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह ह्यांच्या पीठाने पुढील वृक्षतोडीला मनाई केली, आणि १६ एप्रिलच्या सुनावणीत त्या शंभर एकरांचे पुनरुज्जीवन कसे करणार ते सांगा, असे शासनाला बजावले. त्याआधीच, ७ एप्रिलला, विद्यार्थ्यांवरील खटले मागे घेण्याचे शासनाने जाहीर केले होते.

शासनाचा युक्तिवाद असा होता की, ही जमीन महसुली आहे, ती कधीही वन म्हणून अधिसूचित झालेली नाही. ह्या युक्तिवादाला १९९६ सालच्या गोदावर्मन प्रकरणातील निकाल आड येतो; वन म्हणजे शब्दकोशात ज्याला वन म्हणतात ते, मग मालक कोणी असो आणि दप्तरी नोंद काही असो, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. त्या कायदेशीर बारकाव्यांत मी शिरत नाही. मला स्वारस्य आहे ते गावाच्या नावात. तेलुगूत 'कंचा' म्हणजे गुरे चरावयाचे कुरण. आपल्याकडचे गायरान. महसूल खात्याच्या भाषेत जी जमीन सारा देत नाही ती जणू काही देतच नाही. आपल्या सातबारावर पहा: लागवडीचे क्षेत्र वर, आणि ओढा, खडक, झुडपे असलेला तुकडा 'पोटखराब' ह्या नावाखाली. इंग्रजांना सारा हवा होता, म्हणून त्यांनी जमिनीचे हे वर्गीकरण केले; साहेब गेला आणि त्याची वही तेवढी राहिली. त्या पोटखराब्यातच पावसाचे पाणी मुरते, गुरे चरतात, गरिबाला सरपण मिळते. पण 'पडीक' हा शब्द एकदा नोंदला गेला की, ती जमीन विकण्यास पुढे कारण द्यावे लागत नाही.

ह्या ठिकाणी कार्ल विल्यम कॅप ह्या अर्थशास्त्रज्ञाची आठवण देणे मला आवश्यक वाटते. १९५० साली त्याने खाजगी उद्योगाच्या सामाजिक परिव्ययावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की, उद्योगाच्या ताळेबंदात जो नफा दिसतो त्याचा काही भाग हा इतरांवर ढकललेला खर्च असतो. धूर, सांडपाणी, खचलेली जमीन, आजारपण हे सारे कोणीतरी सोसते, आणि सोसणाऱ्याची सही कोणी घेत नाही. कॅपचा रोख खाजगी भांडवलावर होता. कंचा गचीबावलीत दिसते ते हे की, कर्जात बुडालेले राज्यशासनही तोच हिशेब मांडते. जमीन विकून आलेला पैसा एकदाच येतो आणि चालू वर्षाची तूट झाकतो. तळी आटल्याने, उष्मा वाढल्याने, पावसाळ्यात रस्त्यांच्या नद्या झाल्याने होणारा खर्च दरवर्षी येतो आणि तो महापालिकेच्या, रुग्णालयाच्या, घरगड्याच्या, फेरीवाल्याच्या वाट्याला जातो. दहा हजार कोटींच्या आकड्यासमोर हा खर्च कोणी लिहिला नाही, म्हणून तो शून्य धरला गेला.

आता आपल्यातील तरुण साथी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: रोजगाराचे काय? ह्या ४०० एकरांवर पन्नास हजार कोटींची गुंतवणूक येईल, पाच लाख नोकऱ्या निर्माण होतील, असे महामंडळाने सांगितले होते. मी आयुष्यभर नियोजनाचे आकडे शिकविले, तेव्हा एवढे म्हणण्याचा अधिकार मला आहे की, पाच लाख भागिले चारशे म्हणजे एकरी साडेबाराशे नोकऱ्या, आणि त्यांत अभियंते किती, पहारेकरी व सफाई कामगार किती, ते नोकर कोणाचे, ह्याचा तपशील मला कोठे वाचावयास मिळाला नाही. शिवाय ह्याच शहरात बांधून रिकाम्या पडलेल्या कार्यालयीन इमारती असताना कुरणच का हवे? कारण उघड आहे. रिकाम्या इमारतीला मालक आहे आणि कुरणाला मालक नाही.

पर्यावरण ही वरच्या थरातील लोकांची हौस आहे, हा समज आपल्या डाव्या वर्तुळांत जुना आहे. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या वादात डाव्या पक्षांत आणि कामगार संघटनांत उभी फूट पडली होती. वीज हवी की माकडे, असा प्रश्न तेव्हा विचारला जाई. त्या वेळी केरळ शास्त्र साहित्य परिषदेने काय केले, ते मोलाचे आहे. १९७९ साली तिने ह्या धरणाचे तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक-राजकीय परीक्षण करून पुस्तिका काढली. लिहिणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद होते, तसे अर्थशास्त्रज्ञ के. पी. कण्णन होते. मलबारला वीज कोणत्या अन्य मार्गाने देता येईल, ह्याचा विचार त्यांनी मांडला. घोषणेला हिशेबाची जोड मिळाली आणि १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला. प्राध्यापकांनी आवाराबाहेर पडून केलेले ते काम होते. हैदराबादेत आवारच धोक्यात आले, आणि ते वाचविण्यास पुढे झाले ते विद्यार्थी. त्यांच्यापैकी पुष्कळ जण घरातील पहिलेच पदवीधर. वसतिगृहाच्या खोलीखेरीज त्या शहरात त्यांचे काही नाही. ह्यांना वरच्या थरातील म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगतो, म्हणजे केवळ रडगाणे गाइले असे होणार नाही. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली शहराबाहेरच्या उघड्या माळावर उभे राहिले. आवार साडेआठशे एकरांहून थोडे मोठे. आरंभी तेथे पाण्याची ओरड होती. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार ह्यांच्या काळापासून ह्या माळावर झाडी वाढत गेली, आणि पुढील काळात तलाव, विहिरी, शेततळी ह्यांतून पावसाचे पाणी अडवून विद्यापीठ पाण्याच्या बाबतीत बरेचसे स्वतःच्या पायावर उभे राहिले. २०१९ च्या महापुरात पंचगंगेने शहराची पाणी उपसण्याची केंद्रेच बुडविली. चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी कोल्हापूरकरांची अवस्था झाली. त्या दिवसांत विद्यापीठाच्या आवारातून शुद्ध केलेले पाणी शहरात गेले. आवारातील माळ आणि तळी ह्यांचा शहराला काय उपयोग, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्यात घरोघरी घागरीने पोहोचले. ही जागा विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणी 'विकसित' केली असती, तर हरित लेखापरीक्षणाच्या अहवालात त्याची नोंदही झाली नसती.

आणि आता राबणाऱ्या हातांविषयी, ज्यांच्याविषयी ह्या अहवालांत सर्वांत कमी लिहिलेले असते.

कचऱ्याचे वर्गीकरण होते, असे अहवाल म्हणतो. मराठीत हे वाक्य सोयीचे आहे. त्यात कर्ता नाही. वर्गीकरण करते ती बाई कोण? ती विद्यापीठाची नोकर नसते, कंत्राटदाराची असते. तिला हातमोजे मिळतात काय, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो तो भरला जातो काय, कंत्राट बदलले की तिचे काय होते? मी ज्या महाविद्यालयात शिकविले, तेथे दर जुलैत वृक्षारोपण होई. पाहुण्यांच्या हस्ते रोप लागे, छायाचित्र निघे. खड्डे आदल्या दिवशी रोजंदारीच्या बायकांनी खणलेले असत आणि उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालण्यासाठी कोणाची नेमणूक नसे, कारण माळ्याची जागा निवृत्तीनंतर भरलेली नव्हती. पुढल्या जुलैत पुष्कळदा त्याच खड्ड्यांत नवे रोप लागे. रोपांचा आकडा मात्र दरवर्षी वाढत गेला.

ह्याच्या उलट वाटेने एक विद्यापीठ गेले, आणि ती हकीकत आपल्या चळवळीच्या जवळची आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कागदकाचपत्रा वेचणाऱ्या स्त्रियांत साक्षरतेचे काम सुरू केले. काम करणाऱ्यांना थोड्याच दिवसांत उमगले की, ह्या बायकांना अक्षरांच्या आधी ओळख हवी आहे. चोर समजून पोलीस पकडतात, कुत्री अंगावर सोडली जातात, कचराकुंडीत हात घालून जखमा होतात. कचरा घरातच वेगळा करून ह्यांच्या हाती दिला तर हाल निम्मे होतील, हा विचार तेथून पुढे आला. पर्यावरणशास्त्राच्या वर्गात जे 'उगमस्थानी वर्गीकरण' म्हणून शिकविले जाते, ते पुण्यात असे श्रमिक स्त्रियांच्या गरजेतून उभे राहिले. १९९३ साली डॉ. बाबा आढाव ह्यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. ओळखपत्रे मिळाली. कचरावेचकांच्या श्रमाने महापालिकेचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा खर्च किती वाचतो, ह्याचा रीतसर अभ्यास ह्या विद्यापीठाने व पंचायतीने २००१ साली केला, आणि त्या हिशेबाच्या बळावर आरोग्यविम्याची मागणी मान्य करून घेतली. २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. बाबा २०२५ च्या डिसेंबरात गेले. हमालांची, रिक्षावाल्यांची त्यांनी केलेली कामे सर्वांच्या ओठी आहेत. परंतु एखाद्या विद्यापीठाच्या विभागाला श्रमिकांच्या संघटनेची जोड मिळाली म्हणजे काय घडते, ह्याचा हा जो धडा त्यांच्या कामात आहे, तो विद्यापीठांनी घेतला असे मला दिसत नाही.

कॅप ज्याला दुसऱ्यावर ढकललेला खर्च म्हणतो, तो ह्या बायकांनी स्वतःच्या वहीत लिहून काढला आणि महापालिकेपुढे ठेवला. हिशेब मांडणारा कोण, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. सौर पट्ट्यांचेच पहा. हल्ली अनेक संस्थांत पट्ट्या कंपनीच्या मालकीच्या असतात. छप्पर संस्थेचे, आणि वीज ठरलेल्या दराने पंचवीस-पंचवीस वर्षे विकत घ्यावयाची. करार चांगला असेलही. पण तो दर काय आहे, मुदतीनंतर त्या पट्ट्या कोणाच्या आणि मोडक्या पट्ट्यांचे काय करावयाचे, हे विद्यापीठाच्या अधिसभेत कितीदा विचारले गेले?

अधिसभेचा उल्लेख मी मुद्दाम केला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा आहे. त्याखालील अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात आणि विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. आपल्या कार्यकर्त्यांपैकी पदवीधर पुष्कळ आहेत. मतदार म्हणून नाव नोंदविलेले किती, ते हात वर करून सांगण्याचा आग्रह मी धरीत नाही. ही निवडणूक प्रतिष्ठेची म्हणून लढविली जाते आणि निवडून आल्यावर भाषणे परीक्षांच्या गोंधळावर होतात. तेही हवे. परंतु विद्यापीठाच्या सर्व जमिनीची गटवार नोंद छापून अधिसभेपुढे ठेवा, ज्या तुकड्याचा सातबारा विद्यापीठाच्या नावे नाही तो आधी नावावर करून घ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीचा वापर अधिसभेच्या मंजुरीवाचून बदलू नका, एवढा ठराव मांडण्यास कोणाची आडकाठी आहे? उड्डाणपूल आला, रस्ता रुंद झाला, मेट्रो आली, की विद्यापीठाची कड कुरतडली जाते. प्रत्येक वेळी तुकडा लहान असतो आणि कारण लोकहिताचे असते. कधी ते खरोखरच लोकहिताचे असतेही. मग ते अधिसभेपुढे मांडण्यास संकोच का वाटावा?

हैदराबादेस विद्यार्थ्यांची निवडून आलेली संघटना होती, म्हणून चार दिवसांत आवाज दिल्लीपर्यंत गेला. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या, आणि त्या बंद करताना दिलेले कारण हाणामाऱ्यांचे होते. पर्यावरणाच्या ग्वाहीपत्रावर कुलगुरूंची सही असते. ज्यांना त्या आवारात राहावयाचे आहे त्यांची नसते, आणि जे ते झाडतात त्यांची तर नसतेच.

जिल्हा शाखांना माझी विनंती इतकीच आहे की, आपापल्या भागातील विद्यापीठाकडे आणि मोठ्या महाविद्यालयांकडे माहितीच्या अधिकाराखाली पुढील महिन्यात एकच अर्ज करावा. गेल्या वीस वर्षांत ताब्यातून गेलेल्या जमिनीचे क्षेत्र, मंजुरीच्या ठरावाची तारीख, मिळालेला मोबदला. सफाई व उद्यान विभागांतील मंजूर पदे, त्यांतील भरलेली, आणि कंत्राटी माणसांची संख्या व मजुरीचा दर. उत्तरे आली की ती पक्षाच्या कार्यालयात पाठवावीत; तक्ता करण्याचे काम माझ्याकडे द्या. निवृत्त माणसाला वेळ असतो.